भाकरीचे पीठ कुणाच्या रानातले?



दारात पाहुणा आला आणि तो काय खातो, काय खात नाही, हे ठाऊक नसले म्हणजे घरातल्या बाईची किती तारांबळ उडते, हे मी तुम्हांला सांगायला नको. त्यातून पाहुणा परमुलखातला, त्याची बोली आपल्याला कळत नाही आणि आपली त्याला! असा प्रसंग माझ्यामुळे जपानमधल्या एका शेतकरी घरावर आला होता. त्याची हकीकत आज सांगतो. तिच्यात शेतीचे थोडे आहे, स्वयंपाकघराचे जास्त आहे, आणि माझ्या एका खोट्या बोलण्याचेही आहे.

साल २००६. मी कृषी खात्यात नोकरीला लागून बरीच वर्षे झाली होती. भाजीपाला लागवडीच्या अभ्यासक्रमासाठी माझी निवड झाली आणि काही महिन्यांसाठी जपानला जायचे ठरले. गाव त्सुकुबा. टोकियोच्या ईशान्येला, आगगाडीने पाऊण तासावर. गावाजवळ त्याच नावाचा डोंगर आहे, ८७७ मीटर उंच, दोन शिखरांचा. एका शिखराला पुरुषाचे नाव, दुसऱ्याला बाईचे. तिकडची मंडळी त्या जोडीला मानतात.

आमचे घर पंढरपूर तालुक्यातले, माळकरी. वडिलांच्या गळ्यात माळ होती, माझ्याही आहे. त्यामुळे निघताना घरात काळजी एकच, हा खाणार काय? मंडळींनी माझ्या बॅगेत चार किलो ज्वारीचे पीठ, दोन किलो बेसन, काळा मसाला आणि सोलापुरी शेंगाचटणीची पाकिटे भरली. मी नको नको म्हणत होतो. खरे कारण सांगायचे तर मला भाकरी करता येत नव्हती. बी.एस्सी. ॲग्री झालो, ज्वारीवर भाषणे दिली, पण परातीत हात कधी घातला नव्हता. पीठ दोन महिने बॅगेत तसेच पडून राहिले. मी भात, दही आणि केळी यांवर दिवस काढत होतो.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्हां शिकाऊ लोकांना एकेका शेतकरी घरी जेवायला जायचे होते. जपानी माणूस परक्याला घरात सहसा जेवायला बोलावत नाही. घरे लहान, आणि पाहुण्याची बडदास्त नीट झाली नाही तर, ही धास्ती मोठी. तेव्हा हे आमंत्रण म्हणजे साधी गोष्ट नव्हती. बरोबर दुभाषी म्हणून केंद्रातल्या एक बाई होत्या. त्या इंग्रजी बोलत.

गाव कासुमिगाउरा नावाच्या मोठ्या सरोवराच्या बाजूला. रस्त्याने जाताना दोन्ही हातांना कमळाची शेती. कमळ फुलासाठी नव्हे, कंदासाठी. थंडीच्या दिवसांत कंबरेइतक्या चिखलपाण्यात रबरी पोशाख घालून माणसे उभी राहतात आणि पंपाच्या पाण्याच्या झोताने चिखल हटवून कंद मोकळे करतात. ते थंड पाणी पाहूनच माझे पाय गारठले. आपली ऊसतोड कष्टाची खरी, पण हेही काम सोपे नाही.

घरात चार माणसे. ७४ वर्षांच्या आजी, त्यांचा मुलगा, सून आणि शाळकरी नात. मुलगा आठवडाभर कारखान्यात नोकरी करी आणि शनिवार-रविवारी शेती. तिकडे अशी घरे पुष्कळ. जमीन हेक्टरभराच्या थोडी वर, त्यात भात, एक तुकडा कमळाचा, आणि घराला लागून भाजीचा मळा. ही जमीन आजींच्या सासऱ्यांनी कुळ म्हणून कसलेली. १९४६ च्या जमीन सुधारणेच्या कायद्याने ती घराच्या मालकीची झाली. मी सांगितले की आमच्याकडे १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. माझ्या आज्याची जमीन तशीच मिळालेली आहे. दुभाषी बाईंनी हे सांगताच मुलाने उठून माझ्यापुढे चहाचा पेला सरकवला. तोवर तो माझ्याशी अवघडून वागत होता.

दारात पादत्राणे काढायची, हे आपल्यासारखेच. मी शेंगाचटणीचे पाकीट भेट म्हणून दिले. आजींनी ते दोन्ही हातांनी घेतले, आतल्या खोलीत नेले आणि देव्हाऱ्यासारखे एक लाकडी कपाट होते त्याच्यापुढे ठेवून हात जोडले. त्यात घरच्या गेलेल्या माणसांची आठवण जपतात, वर भिंतीवर त्यांच्या तसबिरी. घरात काही नवे आले की आधी त्यांना दाखवायचे. आपली शेंगाचटणी त्या सासरेबुवांच्या तसबिरीखाली बसलेली पाहून मला घरी आल्यासारखे झाले.

मग जेवण. बुटके टेबल, भोवती बसायला गाद्या. नव्या भाताचे दिवस होते. तिकडे नव्या तांदळाचे मोठे कौतुक; तो वेगळा ओळखून विकतात आणि वेगळा ओळखून खातात. भात, सोयाबीन आंबवून केलेल्या मिसोचे सार, कमळकंदाची परतलेली भाजी, तीळ लावलेला पालक, मुळ्याचे आणि काकडीचे लोणचे. बाकीच्यांपुढे भाजलेला मासा. माझ्यापुढे मासा नव्हता. मी "मांस खात नाही" असे आधी कळवले होते ना!

चूक इथेच झाली. मी मासळीचे वेगळे सांगितले नव्हते. साराचा वाडगा तोंडाशी नेला आणि वास आला. जपानी स्वयंपाकात साराचे पाणी सुकवलेल्या माशाचे तासे उकळून काढतात. डोळ्यांना काही दिसत नाही, पण ते असते सगळ्यात. वाडगा हातात धरून मी बसलो. प्यावे तर वडिलांची माळ, न प्यावे तर सकाळपासून राबलेल्या दोन बायांचा अपमान. तुम्ही काय केले असते? मी वाडगा खाली ठेवला आणि दुभाषी बाईंना हळूच सांगितले.

घर गप्प झाले. सून लाजेने लाल झाली. आजी मात्र उठल्या. माझ्यापुढचे एकेक भांडे उचलून त्यांनी वास घेतला. सार आणि पालक बाजूला केला, भात, कमळकंद आणि लोणचे ठेवले. मग आत जाऊन सुकवलेले समुद्री शेवाळाचे पान आणि वाळवलेल्या अळिंब्या कोमट पाण्यात टाकल्या. त्या पाण्याचे सार करतात. बौद्ध मठातले भिक्षू असलेच बिनमासळीचे जेवण जेवतात, ती रीत तिकडे फार जुनी आहे.

इतक्यात सून सासूच्या कानाशी लागली. दुभाषी बाई ते मला सांगेनात. मी फार विचारले तेव्हा म्हणाल्या, "हे जेवण इथे घरात माणूस गेल्यावर करतात. पाहुण्याला कसे वाढायचे, असे सूनबाई म्हणताहेत."

आजींनी स्वयंपाकघरातूनच उत्तर दिले आणि सगळे हसले. त्याचा अर्थ असा होता: "गेलेल्यांसाठी केलेलं गेलेले कुठं खातात? शेवटी आपणच खातो की!"

माझ्या आजीने अगदी हेच म्हटले असते.

जेवायच्या आधी सर्वांनी हात जोडून "इतादाकिमासु" म्हटले, म्हणजे "हे मी नम्रपणे स्वीकारतो". जेवण झाल्यावरही एक शब्द म्हणतात. तो ज्या अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ धावपळ करणे असा आहे. पाहुण्याच्या ताटासाठी कुणीतरी इकडेतिकडे धावले, त्याचे ते आभार. आजींच्या वाडग्यात शेवटी एक शीत उरले नाही. नातीच्या वाडग्याला चार शिते चिकटलेली होती, तर त्यांनी तिला नुसते बोटाने दाखवले. तांदूळ या अर्थाचे त्यांचे जे अक्षर आहे ते सुटे केले की ८८ हा आकडा होतो, म्हणून तांदळाच्या दाण्याला ८८ कामे लागतात असे ते सांगतात. रोप टाकण्यापासून कांडण्यापर्यंत मोजून पाहा, फार चुकीचे नाही.

मी माझी आणखी एक फजिती सांगून टाकतो. बोलण्याच्या नादात मी हातातल्या काड्या भातात उभ्या खोचल्या. नातीने "हाँ!" करून तोंडावर हात ठेवला. भातात काड्या उभ्या करतात त्या मृताच्या पानावर. आजींनी त्या शांतपणे काढल्या, आडव्या ठेवल्या आणि काही बोलल्या. दुभाषी बाई हसत हसत म्हणाल्या, "आज तुम्ही सगळंच श्राद्ध उरकायला निघालात, असं त्या म्हणतात."

बायांनो, त्या लोणच्याविषयी तुम्हांला सांगितलेच पाहिजे. भाताचा कोंडा, मीठ आणि पाणी यांचा ओला गोळा एका भांड्यात कायमचा आंबत ठेवलेला असतो. त्यात काकडी, वांगे, मुळा रात्री पुरायचा आणि सकाळी धुऊन खायचा. तो कोंडा रोज हाताने तळापासून वर खाली करावा लागतो, नाही तर बिघडतो. आजींकडचा कोंडा त्यांच्या सासूपासून चालत आलेला. रोज नवी भाजी, अधूनमधून मूठभर कोंडा आणि मीठ, पण गोळा तोच. आपल्याकडे विरजण जसे मोडू देत नाहीत, तसे. माहेरी जायचे झाले तर आधी कोंडा कोण हलवणार ते ठरवायचे, असे आजी म्हणाल्या.

निघताना माझ्या तोंडून निघून गेले, "पुढच्या रविवारी मी तुम्हांला आमच्याकडचे जेवण करून घालतो." बोललो आणि खोलीवर येऊन घाम फुटला. लगेच कार्ड घालून घरी फोन लावला.

"अगं, भाकरी कशी करायची?"

पलीकडे बराच वेळ नुसते हसणे. फोनचे मिनिट पळत होते.

"अहो, पीठ किती दिवसांचं झालं?"

"दोन महिन्यांचं."

"मग विरी गेली असणार त्याची. पाणी खळखळ उकळतं घ्या. पीठ त्यात शिजल्यागत झालं पाहिजे. मग मळा. हात दुखेपर्यंत मळा."

ती म्हणाली ते शास्त्राला धरून होते. गव्हात जो चिकट पदार्थ असतो तो ज्वारीत नसतो. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. हे मी परीक्षेत लिहिले होते; मंडळी शाळेत सातवीपर्यंत गेली आहे.

पुढच्या रविवारी आजींच्या स्वयंपाकघरात मी पिठले केले. ते बरे जमले. मिरची निम्म्याहून कमी घातली, तरी मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. भाकरी मात्र काही केल्या जमेना. तवा नाही, म्हणून लोखंडी कढईवजा पसरट भांडे घेतलेले. पहिली भाकरी उचलताना तुटली, दुसरी नकाशासारखी झाली. आजी बाजूला उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी माझ्या हातातला गोळा घेतला, दोन बोटांत पीठ चोळले, वास घेतला आणि म्हणाल्या, "ताकाकिबी!"

ताका म्हणजे उंच. उंच वाढणारे किबी, म्हणजे आपली ज्वारी! आजींचे माहेर डोंगराकडचे. तिथे भाताची खाचरे थोडी, म्हणून उताराच्या वावरांत ज्वारी आणि राळे करीत. त्यांच्या ज्वारीची जात चिकट. पिठाचे उकडून गोळे करीत. लढाईच्या दिवसांत आणि त्यानंतर भाताची टंचाई झाली तेव्हा रताळी, सातू आणि हीच भरड धान्ये यांवर लहानपण गेले, असे त्या सांगत होत्या. सांगता सांगता हात थापत होते. त्यांना भाकरी ठाऊक नव्हती, पण पीठ ठाऊक होते. तिसरी भाकरी त्यांनी थापली. ती फुगली नाही, पण तुटली नाही.

जेवताना आजी म्हणाल्या, "साठ वर्षांनी खाल्ली. आमच्या घरात आता हे कुणी ओळखायचं नाही. नात तर सकाळी पाव खाते." ते खरेच होते. १९६२ साली जपानी माणूस वर्षाला सुमारे ११८ किलो तांदूळ खाई, आता पन्नास किलोच्या आसपास खातो. तांदूळ जास्त होतो म्हणून १९७० पासून २०१८ पर्यंत सरकार तिकडे भाताची लागवड कमी करायला सांगत होते. टंचाईच्या आठवणी असलेल्या माणसांनी हे पाहिले.

मग त्यांनी विचारले, "ही ज्वारी तुमच्या रानातली ना?"

वाचकहो, मी "हो" म्हणालो.

ते खोटे होते. उजनीचे पाणी आमच्या शिवारात आले आणि आमच्या काळ्या रानात ऊस उभा राहिला. वडिलांच्या मागे मीच घरात सांगितले होते की ज्वारी परवडत नाही, बाजारात मिळते ती घ्यावी. तशी गावातल्या किती जणांना सांगितले असेल! पीठ आले होते पेठेतल्या दुकानातून. ज्वारी कुणाच्या रानातली, मला ठाऊक नव्हते. त्या बाईच्या पानातला भात, कंद, पालक, मुळा, लोणच्यातला कोंडासुद्धा तिच्या घरचा. तिथे "विकत आणले" हे माझ्या तोंडातून निघेना.

आजींना उत्साह आला. बी कसे राखता? कणीस कोणते निवडता? पाखरांचे काय करता? एका खोट्यापाठोपाठ दुसरे. गोफणीचे मी खरे सांगितले, लहानपणी मी माळ्यावर बसून पाखरे राखली होती. बाकीचे पुस्तकातले सांगितले. दुभाषी बाई भाषांतर करत होत्या आणि आजी मान डोलवत होत्या. त्या दिवशी त्यांनी मला कोंड्यातल्या मुळ्यांची पुडी बांधून दिली.

तुमच्यापैकी पुष्कळांची मुले-मुली आज शिकायला बाहेरदेशी आहेत. म्हणून मध्येच दोन गोष्टी सांगून ठेवतो. जे खात नसाल ते आमंत्रण घेतानाच एकेक नाव घेऊन सांगावे: मांस, मासळी, अंडे, आणि त्यांचे पाणीसुद्धा. "मी शाकाहारी" एवढ्याने भागत नाही. पीठ न्यायचे तर ताजे दळून, आणि पोराला किंवा पोरीला निघण्याआधी महिनाभर भाकरी करायला लावून. विमानतळावर वनस्पतींची तपासणी कडक असते. बियाणे, ताजी फळे दाखल्यावाचून नेऊ नयेत, आणि बाकी काय चालते ते आधी विचारावे.

मी परत आलो. कामात पडलो. आजींच्या घरी नवीन वर्षाला एक पत्र धाडायचो, तिकडून सूनबाई दुभाषी बाईंच्या मदतीने उत्तर द्यायच्या. ज्वारीचा विषय मी टाळत असे.

११ मार्च २०११ ला जपानात भूकंप झाला, समुद्र आत शिरला आणि फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला. त्यांचा इबाराकी प्रांत फुकुशिमाला लागूनच. त्याच महिन्यात तिथला पालक आणि दूध बाजारात पाठवायला बंदी आली. मी पत्र लिहायला बसलो. कसे आहात, घर उभे आहे का, हे लिहिता लिहिता खाली लिहून गेलो की पाच वर्षांपूर्वी मी तुम्हांला खोटे सांगितले; ते पीठ माझ्या रानातले नव्हते.

उत्तर यायला दोन महिने लागले. घराची कौले पडली होती, माणसे सुखरूप होती. बंदीच्या दिवसांत आजी रोज मळ्यात जाऊन उभा पालक बघून यायच्या. बाजार बंद, आणि घरी खायलाही धीर होईना. शेवटी तो उपटून टाकला. ज्वारीविषयी सूनबाईंनी एकच ओळ लिहिली होती. आजी म्हणाल्या, मग आता पेरा.

त्या सप्टेंबरात मी उसाच्या कडेचे पाच गुंठे मोकळे ठेवले आणि अर्धा किलो मालदांडी टाकली. भाऊ हसला. "पाच गुंठ्यांत पाखरं पोसणार का?" ते खरे झाले. आसपास सगळा ऊस, त्यात एवढाच तुकडा कणसाचा, म्हणजे साऱ्या शिवारातली पाखरे आमच्याकडे जेवायला. दोन पाणी दिली, राखण केली, तरी पोतेभर व्हायची ती पाऊण पोतेच झाली. हिशेब मांडाल तर तोट्याचा. कडबा मात्र बैलांनी चाटून खाल्ला, हुरड्याला सगळी भावकी आली. त्यानंतर एक वर्ष दुष्काळात राहिले, नाही तर पेर चुकलेली नाही. आता दहा गुंठे करतो. उसाखालचे सगळे रान मोडून ज्वारी करा असे मी कुणाला सांगत नाही, कारण मीही केलेले नाही. घरापुरते दहा गुंठे निघतात एवढे मला माहीत आहे. २०२३ साल जगभर भरडधान्य वर्ष म्हणून पाळले गेले, तेव्हा खात्यातर्फे मी पुष्कळ सभा घेतल्या. त्या सभांत हे पाच गुंठे सांगितले की लोक जागे होत.

आजी २०१९ च्या थंडीत गेल्या. सूनबाईंनी कळवले की तेराव्यासारखा त्यांचा जो दिवस असतो त्याला शेवाळाच्या पाण्याचे सार केले होते, आणि सगळ्यांना भातात काड्या खोचणारा पाहुणा आठवला.

गेल्या वर्षी त्यांचे आणखी एक पत्र आले. नात आता नोकरी करते. तिने कुठूनसे ताकाकिबीचे बी मिळवून मळ्याच्या बांधाला एक ओळ लावली, त्याचा फोटो पाठवला होता. ताटे पुरुषभर उंच, कणसे तांबडी. दाणे दळून तिने भाकरी करून पाहिली, ती तव्यावर टाकतानाच तुटली. पाणी कोमट घ्यायचे की उकळते, एवढे विचारले होते.

मी पत्र वाचून दाखवले. मंडळी चुलीपुढे होती. ती वर न बघताच म्हणाली, "उकळतं. खळखळ उकळतं. आणि म्हणावं, पीठ ताजं दळा."